देवराईची जमीन वाचताना : जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या वनस्पतींची नोंद कशी करावी

पाटण तालुक्यातल्या एका देवराईत मी पहिल्यांदा वनस्पतींची यादी करायला गेलो, तेव्हा दोन दिवस मान वर करूनच फिरत होतो. अंजन, जांभूळ, पिसा, हिरडा, बेहडा. खोडाचा घेर मोजायचा, वहीत लिहायचं, पुढच्या झाडाकडे जायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसलेल्या एका आजींनी विचारलं, "झालं का लिवून?" मी म्हटलं, "झालं, आजी. सगळी झाडं लिहिली." त्यांनी माझ्या पायाकडे बोट केलं. "आन ज्याच्यावर हुबा हायेस, ते?"

माझ्या बुटाखाली काळ्या मुसळीची तीन रोपं होती, शेजारी हंसराज या नेच्याचा झुबका होता आणि पाचोळ्यातून वर आलेली जांभळाची किती तरी दोन पानी पिल्लं होती. राई म्हणून मी जे लिहून आणलं होतं ते तिचं छप्पर होतं. जमीन लिहायची राहून गेली होती.

त्यानंतर जे शिकत गेलो ते इथे सविस्तर मांडतो आहे. कॉलेजचा प्रकल्प, गावची जैवविविधता नोंदवही किंवा निव्वळ स्वतःची आवड, यांपैकी कशासाठीही हे वापरता येईल. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो : जंगलाचा तळ एका भेटीत मोजता येत नाही. ठरावीक जागेवर, ठरावीक चौरस मीटरवर (मोजणीच्या या चौकोनाला पुढे चौकट म्हटलं आहे), वर्षातून किमान चारदा जावं लागतं. कारण त्या एका चौरस मीटरमध्ये वर्षभरात चार वेगवेगळी बिऱ्हाडं राहून जातात.

तळाशी जगणं म्हणजे काय

दाट सदाहरित किंवा निमसदाहरित रानात वरच्या पानांवर पडणाऱ्या उन्हापैकी जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के पोहोचतं. खालच्या वनस्पतीला एवढ्यात भागवावं लागतं. काही जणी मोठी, पातळ, गडद पानं करून सावलीतच संसार करतात. काही जणी जमिनीत कंद साठवतात, पहिल्या पावसाबरोबर घाईने वर येतात आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा गुडूप होतात. काही एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मरतात. आणि काही नुसत्या वाट बघत बसतात. ही झाडांची पिल्लं. वरचं एखादं झाड कोसळलं, उजेडाचं भोक पडलं, की त्यांचा दिवस उजाडतो.

राउंकियर नावाच्या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने वनस्पतींची एक फार उपयोगी वाटणी केली. वाईट हंगामात वनस्पतीचा कोंब कुठे दडलेला असतो, एवढंच त्याने पाहिलं. कोंब हवेत उंचावर, जमिनीलगत थोडा वर, अगदी मातीच्या पृष्ठाशी, मातीच्या आत, की कोंबच नाही आणि फक्त बी शिल्लक? आपल्याकडे वाईट हंगाम म्हणजे बर्फ नव्हे, फेब्रुवारी ते मे. वहीत प्रत्येक वनस्पतीपुढे हा एक रकाना ठेवाच. सापकांदा, शेवळा, काळी मुसळी, रानहळद, चवर हे सगळे मातीच्या आतले. तेरडा फक्त बियांवर तरणारा. मार्च महिन्यात चौकट रिकामी दिसली तर "इथे काही नाही" आणि "इथे आहे, पण झोपलंय" यांतला फरक हा रकाना सांगतो.

जागा आणि परवानगी

साताऱ्याला पश्चिमेकडच्या घाटमाथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि सांगलीच्या पूर्वेला आटपाडी-जतकडे पाचशेच्या आसपास. सरळ रेषेत हे अंतर फार नाही. म्हणून आपल्या दोन जिल्ह्यांत तळाच्या वनस्पतींचा जेवढा पालट पाहायला मिळतो तेवढा पाहायला इतर ठिकाणी शेकडो किलोमीटर जावं लागेल.

नवख्याने सुरुवात गावच्या देवराईपासून करावी असं माझं मत आहे. जागा लहान असते, हद्द स्पष्ट असते, सांगणारी माणसं जवळ असतात. जावळी, पाटण, महाबळेश्वर आणि शिराळा या तालुक्यांच्या घाटाकडच्या भागात अशा राया आहेत. सरपंच, गुरव आणि देवस्थानाची मंडळी यांना आधी भेटा. काही राईत चप्पल चालत नाही, काहींत ठरावीक दिवशी शिरत नाहीत, काहींत काडीसुद्धा उचलत नाहीत. ते नियम जसेच्या तसे पाळायचे. त्या नियमांमुळेच तुम्हाला मोजायला काही शिल्लक आहे.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय चौकट मांडायची नाही, पानही तोडायचं नाही. अर्ज पावसाळ्याच्या बराच आधी करा.

कासबद्दल अनेक जण विचारतात. कास हा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार आहे, जंगल नव्हे. तिथली जेमतेम इंच-दोन इंच माती पायाखाली दबली की गेली. शिकाऊ माणसाने तिथे चौकट मांडू नये, कडेने चालत पाहावं. त्याच डोंगराच्या उतारावरच्या रानात मात्र फारसं कुणी फिरकत नाही.

वेळ : नक्षत्रं धरून

इंग्रजी महिन्यांपेक्षा मला पावसाची नक्षत्रं जास्त उपयोगी पडली आहेत. पाऊस मागेपुढे होतो, पण गावातल्या कुणालाही "मृग लागला का, बरसला का" विचारलं की नेमकी स्थिती कळते.

पहिली भेट मृगात, म्हणजे ७-८ जूननंतर चांगला पाऊस होऊन आठवडा गेला की. त्याआधी वळीव जोरात झाला असेल तर मेअखेरीसही जा. शेवळ्याचा फुलोरा पानाच्या आधी एकटाच जमिनीतून वर येतो. तो गेला की महिनाभराने उभं राहिलेलं छत्रीसारखं पान त्याचंच, हे नवख्याला ओळखू येत नाही. काळ्या मुसळीची पिवळी चांदणीसारखी फुलं जमिनीला टेकलेली दिसतात तीही याच सुमारास.

दुसरी भेट पुष्य-आश्लेषात, जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. ही सगळ्यात कष्टाची आणि सगळ्यात श्रीमंत भेट. नेचे पूर्ण उघडलेले असतात, ओल्या कातळावर बिगोनिया, तेरड्याच्या जाती, जमिनीवरच्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड. हबेनारिया पंचगनिएन्सिस या आमरीच्या तर नावातच पाचगणी आहे. आमऱ्या फुलल्याशिवाय ओळखणं कठीण, त्यामुळे ही भेट चुकली की ती पानं वर्षभर "अनोळखी" राहतात.

तिसरी भेट उत्तरा-हस्तात, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. गवतं फुलावर येतात. गवत फुलाशिवाय ओळखायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे, तुम्हीही सोडा. याच सुमारास राईच्या कडेला सोनकी पिवळी झालेली असते, आणि पेवाचा जिन्यासारखा वळत गेलेला दांडा दुरूनही ओळखू येतो.

चौथी भेट डिसेंबर-जानेवारीत. ही भेट लोक टाळतात आणि तिथेच फसतात. अडुळशाच्या कुळातल्या दशमुळीसारख्या कितीतरी वनस्पती थंडीत फुलतात. शिवाय कंदवाले गायब झाल्यावर उरलेलं हिरवं काय, हे याच भेटीत कळतं. जमलं तर एप्रिलमध्ये पाचवी चक्कर मारा, फक्त पाचोळ्याची जाडी आणि वणव्याच्या खुणा पाहायला.

सामान

अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे एक-एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो. तीन कोपरे चिकटवा, चौथा मोकळा ठेवा. कारवीच्या झुडपांच्या दाटीत बंद चौकट खाली बसत नाही. एक कोपरा उघडला की बाजूने सरकवता येते. दर वीस सेंटिमीटरला आडवी-उभी सुतळी बांधली की पंचवीस घरं होतात आणि प्रत्येक घर म्हणजे चार टक्के जागा. आच्छादन, म्हणजे वनस्पतीने झाकलेली जागा, मोजताना हा हिशेब फार कामाला येतो.

त्याशिवाय ५० मीटरचा टेप, दहापट दाखवणारं भिंग, पट्टी, होकायंत्र, शिसपेन्सिल. पेन नको, आश्लेषाच्या सरीत शाई पानभर पसरते. हाताएवढा चौकोनी आरसा घ्या आणि त्यावरही मार्करने पंचवीस घरं आखा. तो कशासाठी ते पुढे येतं. गमबूट आणि काठी हवीच. कोयनेच्या बाजूला जळवा पायमोज्यावरून चढतात, तंबाखूचं पाणी किंवा मीठ लावून ठेवा. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने तो हलवायचा, कारण फुरसं पाचोळ्यात दिसत नाही आणि हिरवा चापडा हा विषारी साप नेमका हाताच्या उंचीवर बसलेला असतो. गव्यांच्या भागात एकट्याने वाकून बसू नये. एकाने मोजायचं, एकाने आजूबाजूला लक्ष ठेवायचं आणि लिहायचं.

चौकट कुठे टाकायची

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. जिथे फुलं दिसतात तिथे चौकट ठेवायचा मोह होतो आणि मग सगळी राई फुलांनी भरलेली निघते. डोळे मिटून चौकट फेकणं हाही उपाय नव्हे, हात नेहमी मोकळ्या जागेकडेच फेकतो.

आधी राईचे भाग पाडा. आतली दाट सावली, ओढ्याकाठ, पायवाटेची कड, बाहेरची सीमा. प्रत्येक भागात ५० मीटरचा टेप सरळ ताणा. एक ते पन्नास आकड्यांच्या चिठ्ठ्या करा आणि सुरुवातीला पाच उचला. समजा ७, १२, २३, ३८, ४४ आले. टेपच्या त्या मीटरवर जायचं, नाणं उडवून डावी-उजवी ठरवायची, टेपपासून दोन मीटर आत चौकट ठेवायची. तिथे मोठा धोंडा आला तर तोही मोजायचा : "खडक ६० टक्के". जागा बदलायची नाही. धोंड्यावर मॉस असतं, त्याच्या फटीत हंसराज असतो, आणि राईत धोंडे आहेत हीसुद्धा माहितीच आहे.

पुन्हा त्याच जागी यायचं असल्याने खूण लागते. लोखंडी सळ्या ठोकू नका, अनवाणी माणसं चालतात. झाडाला खिळा तर मुळीच नको. दाट झाडोऱ्याखाली मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर चुकतं, एक मीटरच्या चौकटीला ते निरुपयोगी आहे. मी जवळची दोन ठळक झाडं निवडतो आणि दोन्हींपासून चौकटीच्या ईशान्य कोपऱ्याचं अंतर व दिशा लिहितो. "मोठ्या अंजनापासून ४.२० मीटर, ११० अंश. दुभंगलेल्या जांभळापासून ६.७५ मीटर, २४० अंश." दोन वर्षांनीही पावलाच्या फरकाने जागा सापडते.

किती चौकटी पुरेत? प्रत्येक चौकटीनंतर "नवीन किती जाती आल्या" ते लिहीत जा. सुरुवातीला सात, चार, पाच अशा नव्या जाती येत राहतात, मग एक, शून्य, शून्य. एका भागात सलग पाच चौकटींत मिळून एकापेक्षा जास्त नवी जात आली नाही की मी त्या भागात थांबतो. पाच चौकटींवरच थांबणाऱ्याला हे कधी कळत नाही.

मोजणी

चौकट बसली की पहिली पाच मिनिटं नुसतं बघा. काही तोडू नका, पाचोळा बाजूला सारू नका. मग त्या आरशाचं काम : तो चौकटीच्या मधोमध कमरेइतक्या उंचीवर आडवा धरा आणि पंचवीस घरांपैकी किती घरांत आकाश दिसतं ते मोजा. तीन घरं म्हणजे बारा टक्के आकाश. महागड्या उपकरणाची बरोबरी होणार नाही, पण प्रत्येक वेळी त्याच माणसाने त्याच उंचीवर धरला तर तुलना होते.

पाचोळ्यात पट्टी उभी खुपसून चार कोपऱ्यांत आणि मध्ये जाडी मोजा. जाड पाचोळ्यात बारीक बियांची रोपटी मातीपर्यंत पोहोचत नाहीत, मोठ्या बियांची पोहोचतात. तळावर काय उगवलं आहे याचं निम्मं उत्तर कधीकधी या पाच आकड्यांत असतं.

आता मोजणी. मूळ चौकटीच्या आत असेल तर आत. मूळ नेमकं चौकटीच्या पाइपखाली असेल तर उत्तर आणि पूर्व बाजूचं घ्यायचं, दक्षिण आणि पश्चिम बाजूचं सोडायचं. नियम कोणताही चालेल, पण आधी ठरलेला हवा. वेली, पसरणारी गवतं, नेच्यांचे झुबके यांत "एक रोप" कुठे संपतं ते सांगता येत नाही. त्यांची संख्या ओढूनताणून काढू नका, त्यांचं आच्छादन लिहा. त्यासाठी स्विस शास्त्रज्ञ ब्राउन-ब्लांके यांची मोजपट्टी सोपी आहे : अगदी तुरळक असेल तर अधिकचं चिन्ह, ५ टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे १, ५ ते २५ म्हणजे २, २५ ते ५० म्हणजे ३, ५० ते ७५ म्हणजे ४, त्यावर ५. सुतळीची घरं मोजली की अंदाज चुकत नाही. सगळ्या जातींचं आच्छादन मिळून शंभराच्या वर गेलं तर घाबरू नका, एकाखाली एक असे थर असतात.

झाडांच्या पिल्लांना वेगळं पान द्या. उद्याची राई कशाची असेल ते तिथे दिसतं. वर अंजनाचं छप्पर आणि खाली एकही अंजनाचं पिल्लू नाही, असं सलग दहा चौकटींत दिसलं तर ते ठळक अक्षरांत लिहा.

सांगलीच्या सागरेश्वरसारख्या कोरड्या रानात हीच पद्धत थोडी बदलते. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्या डोंगरावर उभं राहिलेलं हे रान १९८५ साली अभयारण्य झालं, क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. तिथे तळ मुख्यतः गवतांचा, म्हणून रोपं मोजण्यापेक्षा आच्छादन मोजा. कुसळी आणि मारवेल यांचं प्रमाण वेगळं काढा, आणि हरणांनी खुडलेले शेंडे दिसले तर तेही नोंदवा. तिथे हस्त नक्षत्रातली एक भेट घाटातल्या दोन भेटींइतकं देऊन जाते.

ओळख पटवणं

फुलं असताना ओळखणं सोपं. पण चौकटीतल्या बहुतेक वनस्पती तुम्ही जाता तेव्हा फुललेल्या नसतात. म्हणून पानावरून कुळापर्यंत पोहोचण्याची सवय लावून घ्या. माझा क्रम असा.

आधी खोडाचा छेद बोटांत फिरवा. चौकोनी लागला आणि पान चुरल्यावर वास आला तर तुळशीचं कूळ. पानं समोरासमोर, पेरं फुगलेली आणि दोन देठांच्या मध्ये काहीच नाही, तर बहुधा अडुळशाचं कूळ. पानं समोरासमोर पण दोन देठांच्या मध्ये इवलंसं उपपर्ण, म्हणजे देठाच्या तळाशी येणारं पानासारखं अंग, असेल तर कॉफीचं कूळ. या दोन कुळांची गल्लत मी पहिली दोन वर्षं करत होतो. भिंग लावून पेर पाहिलं की दहा सेकंदांत मिटते.

पानाचा तळ खोडाला नळीसारखा वेढून असेल आणि रोप रसाळ असेल तर केन्याचं कूळ, ज्यात केना, नभाळी येतात. तसाच वेढा पण पान मोठं, चुरल्यावर आल्या-हळदीचा वास, तर आल्याचं कूळ. चवर आणि रानहळद पानावरून फसवतात. चवर, म्हणजे हिचेनिया कॉलिना, सह्याद्रीबाहेर मिळत नाही. तिचा फुलोरा पानांच्या मधून उंच दांड्यावर येतो, हे लक्षात ठेवून नुसत्या पानांना नाव देण्याची घाई करू नका.

तीन पानं किंवा छत्रीसारखं एकच विभागलेलं पान, ठिपकेदार देठ, तर सुरणाचं कूळ. इथे एक इशारा. या कुळाच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, जिभेला आणि घशाला आग होते. चव घेऊन ओळखायची जुनी सवय इथे मोडा. सापकांद्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे : त्याच्या प्रजातीत कंद लहान असेल तर रोप नर फुलं देतं, कंद पोसला की पुढच्या कुठल्या तरी वर्षी तेच रोप मादी होतं. म्हणजे चौकटीतल्या नर-मादीची संख्या दरवर्षी लिहिली तर जमिनीखालच्या कंदांची तब्येत न उकरता कळते.

नाव कळलं नाही की तात्पुरतं नाव द्या. "केसाळ-जांभळी-३" असं वर्णन असलेलं नाव "अनोळखी-३" पेक्षा कितीतरी चांगलं, कारण पुढच्या भेटीत ते आठवतं. फोटो पाच काढा : पूर्ण रोप, पानाची वरची बाजू, खालची बाजू, पेर, फूल किंवा फळ. सोबत पट्टी ठेवा.

गावातली नावं विचारा, पण नाव कुणी आणि कुठे सांगितलं तेही लिहा. त्याच आजींनी मला एकदा समजावलं होतं. मी दोन रोपं दाखवून विचारलं, "आजी, या दोन्हीला मुसळीच म्हणता ना तुम्ही?" त्या हसल्या. "ही पिवळ्या फुलाची, ताडाच्या पिलावानी पान हाय ती काळी मुसळी. आन ही पांढऱ्या फुलाची कुळी. कुळीची भाजी हुती, फूल आलं की पान चिवाट." नुसतं "मुसळी" लिहिलं असतं तर करक्युलिगो (काळी मुसळी) आणि क्लोरोफायटम (कुळी) या दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पती माझ्या वहीत एक झाल्या असत्या.

नमुना घ्यायचाच असेल तर परवानगी असलेल्या जागी, चौकटीच्या बाहेरून, आणि आसपास त्या जातीची वीसहून जास्त रोपं असतील तरच एक फुललेली फांदी. आमरी आणि कंद कधीही उपटू नका. पावसाळ्यात वर्तमानपत्रातला नमुना दुसऱ्या दिवशी बुरशीने काळा पडतो, रोज कागद बदलायचा. शंका राहिली तर कोल्हापूरचा शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, पुण्याचं आघारकर संशोधन संस्थेचं किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं वनस्पतिसंग्रहालय, इथे आधी विचारून जाता येतं.

आकडेमोड

वहीतून तीन आकडे काढायचे. समजा दहा चौकटींपैकी चारांत काळी मुसळी मिळाली आणि एकूण २६ रोपं. वारंवारता म्हणजे ४ भागिले १० गुणिले १००, ४० टक्के. घनता म्हणजे २६ भागिले १०, दर चौरस मीटरला २.६. विपुलता म्हणजे जिथे आहे तिथेच किती, २६ भागिले ४, म्हणजे ६.५. वारंवारता कमी आणि विपुलता जास्त असेल तर वनस्पती झुबक्यांत वाढते. 

विविधतेसाठी शॅनन निर्देशांक वापरतात. प्रत्येक जातीचा वाटा काढायचा, त्याला त्याच्याच नैसर्गिक लॉगने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करून चिन्ह उलटं करायचं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. उदाहरण घ्या. दोन भागांत प्रत्येकी १०० रोपं, प्रत्येकी पाच जाती. पहिल्यात प्रत्येकीची वीस-वीस रोपं, तर उत्तर १.६१. दुसऱ्यात एकीची ऐंशी आणि बाकी चौघींची पाच-पाच, तर उत्तर ०.७८. जाती तेवढ्याच, पण दुसऱ्या भागात एकीनेच जागा बळकावलेली. नुसती जातींची संख्या सांगणारे अहवाल हे लपवतात.

दोन भागांची तुलना करायला सोरेन्सन यांचं सूत्र पुरेसं आहे. समजा राईच्या आत २४ जाती, कडेला २०, दोन्हींत सामाईक ११. सामाईकची दुप्पट २२, भागिले एकूण ४४, उत्तर ०.५. एक आलं असतं तर दोन्ही भाग सारखे, शून्य तर काहीच सारखं नाही. हेच सूत्र मी एकाच भागाच्या जुलै आणि जानेवारीच्या यादीला लावतो, आणि एकच भेट देऊन यादी करणं किती अपुरं आहे हे तिथे आकड्यांत दिसतं.

एक सावधगिरी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. त्यानंतरच्या पावसाळ्यात जमिनीवर एकदम उजेड येतो, कारवीच्या रोपट्यांची दाटी होते आणि इतर जातीही वाढतात. तुमची मोजणी त्या वर्षी पडली तर आकडे वेगळेच येणार. वहीच्या पहिल्या पानावर कारवीची अवस्था लिहून ठेवा.

घुसखोर

रानमोडी, घाणेरी, ओसाडी, रानतुळस, काँग्रेस गवत ही बाहेरून आलेली तणं. या पाचांची बेरीज नेहमी वेगळी काढा, कारण त्यांना धरून काढलेला विविधतेचा आकडा राईच्या कडेला फुगलेला दिसू शकतो. माझा अनुभव असा की घाणेरी आणि रानमोडी दाट सावलीत सहसा शिरत नाहीत. वाट रुंद केली, फांद्या तोडल्या, वणवा आला की तिथून आत येतात. म्हणून कडेपासून आत किती मीटरवर शेवटचं रोप सापडलं, हे अंतर दरवर्षी मोजा. एका गावात देवळाच्या जीर्णोद्धारासाठी साहित्याची गाडी आत नेता यावी म्हणून वाट मोठी केली होती. पुढच्याच वर्षी रानमोडी आतपर्यंत पोहोचलेली पाहून मला फार वाईट वाटलं. ग्रामसभेत तेव्हा नकाशावर फक्त दोन रेघा दाखवल्या, आधीची आणि आताची. पुढच्या उन्हाळ्यात गावच्या पोरांनी रानमोडी उपटून काढली.

वही कुणाकडे द्यायची

जैविक विविधता कायदा २००२ मधला आहे आणि त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही असते. तुमच्या यादीची एक सुवाच्य मराठी प्रत तिथे द्या : गावातलं नाव, शास्त्रीय नाव देवनागरीत, कोणत्या नक्षत्रात दिसते, कुठल्या भागात, किती. माहिती सांगणाऱ्यांना आधी विचारा आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांची नावंही तिथे घाला.

पण दोन प्रती करा. चौकटींची अंतरं, दिशा आणि नकाशा असलेली प्रत तुमच्याकडे आणि समितीच्या कपाटात. बाहेर देण्याच्या, इंटरनेटवर टाकण्याच्या प्रतीत आमऱ्या, मुसळी आणि इतर औषधी कंद यांच्यापुढे फक्त तालुका लिहा. फोटोत मोबाइल जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप भरतो, ती सोय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन राईत शिरण्याआधीच बंद करा, आणि जुने फोटो पाठवताना एकदा तपासून घ्या.